चार वाजल्यानंतरचं नाव

मी ब्राउझर बोलतोय. नाव ऐकून लगेच नाक मुरडू नका. तुम्ही बसचं वेळापत्रक बघता, पोरांचे निकाल बघता, सोयरिकी जुळवता, ते सगळं माझ्याच भाऊबंदांच्या खिडकीतून. मी मात्र घरगुती नाही, नोकरदार आहे. बेळगावच्या उद्यमबागेत एक फाउंड्री आहे, तिच्या लॅबमधल्या संगणकात माझा मुक्काम असतो. खुर्चीत बसलेल्या माणसाचं नाव कंपनीच्या आतल्या दारांवर सांगायचं आणि ती दारं त्याला उघडून द्यायची, हे माझं काम. ते मी उत्तम करतो. स्वतःच्या तोंडानं सांगतोय, कारण दुसरं कुणी सांगत नाही.

माझा जन्म नेमका कुठं झाला, ते मलाही धड ठाऊक नाही. शेकडो लोकांनी दूरदूर बसून मला लिहिलं आणि अजूनही दर महिन्याला माझी डागडुजी करतात. इतक्या आईबापांचं लेकरू म्हटल्यावर लाड व्हायला हवे होते. पण मला जागा मिळाली ती भट्टीपासून चाळीस पावलांवर. इथं साच्यांची काळी माती खिडक्या लावल्या तरी आत येते. की-बोर्डवरची अक्षरं तिनं कधीच खाऊन टाकलीत. मी ज्यातून दिसतो, तो पडदाही दिवसातून दोनदा पुसावा लागतो.

सुरुवातीला माझी फार कुचंबणा झाली. हजेरीचं पान वेगळं, स्टोअरचं वेगळं, लॅबच्या रिपोर्टचं वेगळं, कॅन्टीनचं आणखी वेगळं. प्रत्येक दारावर मी विचारायचो, नाव काय, पासवर्ड काय? लोक वैतागायचे. मग त्यांनी त्यांची सोय केली. एकानं पासवर्ड कॅलेंडरच्या मागं लिहिला, एकानं टेबलाच्या काचेखाली सरकवला, एकानं चारही दारांना स्वतःच्या मोटारसायकलचा नंबर लावला. मला सगळ्यांचं सगळं ठाऊक असायचं. पण मी एकाचं दुसऱ्याला सांगत नाही, हा माझा स्वभाव आहे.

मग एक दिवस साईराज आला. कंपनीचे सगळे संगणक सांभाळणारा हा पोरगेला माणूस, कायम घाईत. त्यानं ठरवलं होतं, की आता हा जाच बंद. सकाळी माणसानं संगणक उघडताना एकदाच नाव-पासवर्ड द्यायचा. तेवढ्यावर ऑफिसातला मुख्य संगणक त्याला एक चिठ्ठी देणार, की हा माणूस आपलाच आहे. पुढं दिवसभर प्रत्येक दारावर ती चिठ्ठी मी दाखवायची. कुणाला काही विचारायचं नाही.

योजना झकास होती. फक्त मला एवढं कळायला हवं होतं, की चिठ्ठी कुणाला दाखवायची आणि कुणाला नाही. बाहेरच्या जगात भामटे कमी नाहीत. म्हणून माझ्या पोटात एक पान असतं, तिथं विश्वासाच्या पत्त्यांची यादी लिहावी लागते. त्या पानावर जाणाऱ्याला मी आधी दटावतो, इथं हात घालताय तर जपून. साईराजनं ते वाचलंच नाही, सरळ पुढं गेला आणि कंपनीचे पत्ते लिहून मोकळा झाला. मग त्यानं रिपोर्टचं पान उघडलं आणि मी विचारलं, नाव काय, पासवर्ड काय?

दोन तास तो माझ्याशी झोंबत होता. यादी पुसून परत लिहिली. मला बंद करून उघडलं. संगणक बंद करून उघडला. मधे कंटाळून सगळ्या जगावरच विश्वास ठेव असं लिहायला निघाला होता, पण सावरला बिचारा.

"ह्येला काय झालंय कळंना," असं म्हणून त्यानं चहा मागवला. तेव्हा लॅबमध्ये ऋतिका होती. डिप्लोमा करून लागून तिला दोनच महिने झाले होते. तिनं कपाकडं बघत विचारलं, "साईराज, बंद पडलं व्हय? माझी बस साडेचारची हाय, तवर होईल न्हवं?"

"आता किती वाजले?"

"ह्यात चार वाजून पाच झालेत. म्हणजे खरे चारला पाच कमी."

साईराज कप ठेवून उठला. लॅबच्या संगणकाचं घड्याळ दहा मिनिटं पुढं होतं. ऋतिकानंच आल्या आल्या ते तसं लावलं होतं. ती जांबोटीच्याही पुढं राहते. साडेचारची बस चुकली, तर दुसरी सातला, आणि त्या बसनं उतरलं की दोन मैल रानातनं चालत. म्हणून घड्याळ पुढं. पण मुख्य संगणक या बाबतीत मोठा काटेकोर. पाच मिनिटांपेक्षा जास्त फरक दिसला, की तो चिठ्ठी देतच नाही. बनावट समजतो.

साईराजनं घड्याळ जाग्यावर आणलं, आणि मी पहिल्याच झटक्यात रिपोर्टचं दार उघडलं. विचारलं काही नाही. पानावर वरच्या कोपऱ्यात नाव आलं, 'ऋतिका गावडे'. ती पोर त्या नावाकडं बघतच राहिली. त्या दिवशी तिची बस थोडक्यात मिळाली असावी, कारण पळत गेली ती पिशवी विसरूनच.

साईराजनं तेव्हाच प्रत्येकाला एकेक बंद पाकीट दिलं. आत ज्याचं त्याचं नाव आणि पहिल्या दिवशीचा पासवर्ड. त्या दिवसापासून माझा रुबाब सुरू झाला. मला एकदा खरं नाव कळलं, की मी ते कुठंही न अडखळता सांगतो. हजेरी, स्टोअर, रिपोर्ट, सगळीकडं फटाफट. माझ्या कामात शंकेला जागा नव्हती. आणि घोटाळाही तिथंच झाला.

आता परशराम अण्णांची ओळख करून द्यायला हवी. दुसऱ्या पाळीचा लॅबचा भार त्यांच्यावर. काकतीचे, एकतीस वर्षं याच फाउंड्रीत. वितळलेलं लोखंड पळीतनं साच्यात ओततात, त्याचा थोडा नमुना गार करून घासतात आणि तपासणीच्या यंत्राखाली धरतात. यंत्र आकडे दाखवतं, त्यात कार्बन किती, गंधक किती, मॅग्नेशियम किती. अण्णा यंत्राच्या आधी नुसत्या ठिणगीवरून सांगायचे, आणि यंत्राचा आकडा त्यांच्या सांगण्याबरहुकूम यायचा. काम झालं, की म्हणायचे, "आयतु." भट्टीवरच्या कानडी लोकांत राहून लागलेली सवय, म्हणजे झालं, आटोपलं. ऋतिकाला नमुना कसा धरायचा, कुठला घासायचा, कुठला फेकून द्यायचा, हे सगळं त्यांनीच शिकवलं.

पण माझ्यासमोर बसले, की हाच माणूस अंग चोरायचा. एका बोटानं टाइप करायचा, आणि ते बोटही अक्षरावर आपटण्याआधी हवेत थांबायचं.

फाउंड्रीत एक शिस्त आहे. पाळी बदलताना चालू भट्टी बंद करायची नाही, ती चालूच दुसऱ्याच्या ताब्यात द्यायची. थंड पडलेली भट्टी परत तापवायची म्हणजे अर्धा दिवस वाया. एकतीस वर्षं हे अंगात मुरलेल्या माणसांनी संगणकालाही तोच नियम लावला. चारला ऋतिका उठायची, पिशवी उचलायची.

"अण्णा, मी निघाले. सिस्टीम चालू हाय बघा."

"व्हय व्हय, जा तू. बस जाईल."

खुर्ची गरम असतानाच अण्णा बसायचे. संगणक उघडा, चिठ्ठी ऋतिकाची. अण्णा आकडे भरायचे आणि मी छातीठोकपणे पुढं सांगायचो, तपासणारी ऋतिका गावडे. दहा महिने, रोज संध्याकाळी.

तिनं एकदा विचारलंही होतं. "अण्णा, तुमचं लॉगिन हाय न्हवं? त्यावर भरा की."

"माझं कशाला? तुझा डिप्लोमा हाय. रिपोर्टावर शिकलेल्या माणसाचं नाव पायजे."

हे ते गमतीत बोलत नव्हते. जुन्या काळी इथं रजिस्टर होतं. नमुना अण्णा तपासायचे, आकडे अण्णा सांगायचे आणि खाली सही केमिस्ट साहेबांची. सव्वीस-सत्तावीस वर्षं असंच चाललेलं. आपल्या नावाचा रिपोर्ट असू शकतो, हे त्यांच्या डोक्यातच नव्हतं.

मला कळत नव्हतं का? कळत होतं हो. ऋतिकाची दहा बोटं पावसासारखी पडतात आणि अण्णांचं एक बोट विचार करत येतं. चार वाजल्यानंतर माणूस बदलतो, हे मला पहिल्या दिवसापासून ठाऊक. पण बोटं कशी चालतात, ते मला कुणी विचारत नाही. मला चिठ्ठी दाखवायला सांगितलंय, मी चिठ्ठी दाखवतो. आजवर मी या गोष्टीचा अभिमान बाळगत होतो. आता तो थोडा उतरलाय, हे कबूल करतो.

फेब्रुवारीतल्या एका गुरुवारी संध्याकाळी, पाच वाजून शेहेचाळीस मिनिटांनी अण्णांनी एक आकडा भरला. मॅग्नेशियम शून्य पूर्णांक शून्य चार दोन. रिपोर्ट पास झाला, माल गेला. तीन आठवड्यांनी गिऱ्हाइकाची तक्रार आली. पंपाचे भाग मशीनवर चढवताच तडकत होते. मॅग्नेशियम कमी पडलं, की असल्या बिडात, म्हणजे ओतीव लोखंडात, ताकद राहत नाही. अर्धी गाडी माल परत आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मधुवंती मॅडम लॅबमध्ये आल्या. गुणवत्ता विभागाच्या प्रमुख, टिळकवाडीच्या, आवाज कधी चढत नाही म्हणून जास्तच धाक वाटावा अशा. त्यांनी मलाच उघडलं. त्या दिवसाचा रिपोर्ट पडद्यावर आणला आणि खुर्ची बाजूला सरकवून ऋतिकाला दाखवला.

"हे नाव तुझं आहे."

"व्हय मॅडम."

"वेळ पावणेसहाची आहे. तू तर चारला जातेस. गेटवरची नोंद मी बघितली, त्या दिवशीही गेली होतीस."

"गेलते, मॅडम."

"मग पावणेसहाला तुझ्या नावानं कोण बसलं होतं?"

दुसऱ्या पाळीत लॅबमध्ये भट्टीवरचे चौघं-पाचजण ये-जा करतात, त्यामुळे मॅडमना नेमकं कोण ते सांगता येत नव्हतं. ऋतिकाला येत होतं.

"ऋतिका, पुढच्या पंधरा तारखेला तुझं वर्ष पूर्ण होतंय. कायम करायचं पत्र माझ्या सहीनं निघणार आहे. तू नाव सांगितलं नाहीस, तर चूक तुझीच धरावी लागेल. मग मी सही करू शकत नाही."

"सिस्टीम मी चालू सोडलती मॅडम. चूक माझीच हाय."

"एवढंच?"

"एवढंच."

मॅडम गेल्यावर ती कितीतरी वेळ माझ्यासमोर बसून होती. की-बोर्डला हात नव्हता. तिच्या घरी भातशेती आणि चार जनावरं, शिकून शहरात नोकरीला लागलेली ती पहिली. हे ती मला सांगत नव्हती, फोनवर आईला सांगत होती, की पत्राला जरा उशीर होईल, काळजी करू नको गं. आवाज अगदी नेहमीचा काढला होता तिनं. त्या क्षणी मला पहिल्यांदा वाटलं, की आपल्याला तोंड असतं तर बरं झालं असतं. मी साक्षीदार होतो. माझ्याच अंगावर तो आकडा भरला गेला होता. आणि माझीच साक्ष तिच्या विरुद्ध उभी होती, तीही अगदी ठाम.

त्या दुपारी चारला तिनं दहा महिन्यांत पहिल्यांदा स्वतःचं नाव बाहेर काढलं. पडदा कुलूपबंद झाला. अण्णा आले, खुर्चीत बसले आणि बोट हवेत धरून थांबले.

"अगं, बंद केलीस व्हय?"

"वरनं सांगितलंय अण्णा. मी येते, बस हाय." त्यांच्याकडं न बघताच ती गेली.

त्या संध्याकाळी मी रिकामा बसलो. अण्णांनी सगळे आकडे कागदावर लिहिले आणि की-बोर्डखाली ठेवले. आठ वाजता भट्टीवरचा भरमा जेवायला निघताना डोकावला, आणि त्याच्या तोंडून त्यांना तक्रारीचं कळलं. कुठली हीट, म्हणजे भट्टीतला कुठला घाणा, कुठला दिवस, आणि नाव कुणाचं निघालंय, सगळं. भरमाला त्यात काही विशेष वाटलं नव्हतं. तो सांगून जेवायला गेला.

अण्णा उठले. ते प्रत्येक नमुन्याचे आकडे आधी कागदाच्या तुकड्यावर पेन्सिलीनं लिहितात, मग माझ्यात भरतात, आणि तो तुकडा खिळ्याच्या तारेला खोचून ठेवतात. ही त्यांची रजिस्टरच्या दिवसांतली सवय. तार भिंतीवर लोंबत असते, काळ्या धुळीनं माखलेली. त्यांनी ती काढली आणि एकेक तुकडा उलटत बसले.

दुसऱ्या दिवशी पाळी चारची असताना ते सकाळी नऊलाच आले, धुतलेला शर्ट घालून. मॅडम लॅबमध्येच होत्या, ऋतिका यंत्रापाशी. अण्णांनी पेन्सिलीचा तुकडा टेबलावर ठेवला.

"मॅडम, ह्ये बघा. शून्य दोन चार लिवलंय. वाचलं बरोबर, भरताना घाईत उलटं पडलं, आन् कमी हाय ह्ये ध्यानातच आलं न्हाय. मी भरलंय. तिनं न्हाय."

"अण्णा," ऋतिका मधे म्हणाली.

"तू गप गं. एवढी शिकवली तुला, आन् हे शिकवलं व्हय? दुसऱ्याची चूक डोस्क्यावर घ्यायला?" मग मॅडमकडं वळून, "माझं पाच म्हैनं राहिल्यात. काय करायचं ते मला करा. पोरीचं पत्र अडवू नका."

मॅडमनी तो तुकडा उचलून बराच वेळ बघितला. "परशराम, तुम्हाला तुमचं लॉगिन दिलंय ना? मग का नाही वापरलं?"

अण्णांनी खिशातून पाकीट काढलं. साईराजनं दिलेलं, दहा महिन्यांपूर्वीचं. चिकटवलेलं होतं तसंच, कोपरे मात्र मऊ झालेले. "जपून ठेवलंय," ते म्हणाले. "पण रिपोर्टावर माझं नाव? मी काय केमिस्ट हाय?"

मग मॅडम म्हणाल्या, "एकतीस वर्षं तपासता तुम्हीच ना? मग नाव कुणाचं येणार?"

अण्णांना लेखी समज मिळाली. ऋतिकालाही मिळाली, उघडं सोडून गेल्याबद्दल. तिचं पत्र महिनाभर उशिरा आलं, पण आलं. ते तिनं लॅबमध्ये उघडलं, आणि पहिल्यांदा अण्णांना वाचायला दिलं.

साईराजला परत बोलावलं. तो म्हणाला, "अण्णा, हा पासवर्ड केव्हाच मेला. नवा घाला, तुमच्या मनानं." अण्णांनी सगळ्यांना पाठ फिरवायला लावली आणि घातला. काय घातला, ते मी सांगणार नाही. स्वभाव सांगितलाय मी माझा. एवढंच सांगतो, की तो लांब होता आणि अण्णा तो एकदाही चुकले नाहीत.

मग त्यांनी रिपोर्टचं पान उघडलं. मी चिठ्ठी पुढं केली, दार उघडलं आणि वरच्या कोपऱ्यात नाव आलं, 'परशराम भरमाण्णा पाटील'. त्यांनी चष्मा काढून पुसला आणि परत लावला. की-बोर्डकडं बोट नेलं आणि या वेळी ते हवेत थांबलं नाही.

पाच महिन्यांत त्यांच्या नावानं सहाशे अठरा रिपोर्ट गेले. एकही परत आला नाही. रोज चारला ऋतिका स्वतःचं नाव बाहेर काढायची, अण्णा आपलं आत घालायचे. मधली दोन मिनिटं मी कुणाचाच नसायचो, आणि त्यातही एक समाधान असतं बरं का.

निवृत्तीच्या दिवशी हार झाले, फोटो झाले. सगळे गेल्यावर अण्णा लॅबमध्ये आले. ऋतिका त्या दिवशी साडेचारची बस सोडून थांबली होती.

"एक कागद काढून दे गं मला. माझा, शेवटचा."

"कशाला अण्णा?"

"घरात बायकोला, मालूला दाखवतो. तिला वाटतं, मी इथं नुसतं कोळसा वडत होतो."

तिनं रिपोर्ट छापला. खाली, जिथं एकेकाळी साहेबांची सही असायची, तिथं त्यांचं नाव. अण्णांनी त्याची नीट घडी घातली आणि खिशातलं ते जुनं पाकीट काढलं. आतला मेलेला पासवर्ड टोपलीत टाकला आणि रिपोर्ट पाकिटात ठेवला. मग खुर्चीत बसून, एका बोटानं, त्यांनी आपलं नाव माझ्यातून बाहेर काढलं.

"आयतु," ते म्हणाले.

महिन्याभरानं साईराजनं त्यांचं लॉगिन पुसलं, नियमच आहे तसा. आता ते नाव कुठल्याच दारावर चालणार नाही. पण त्या सहाशे अठरा रिपोर्टांवरून ते पुसायची सोय साईराजकडंही नाही, कुणाकडंच नाही.

मी आहे तिथंच आहे. माती खातोय, दारं उघडतोय. माझ्या कामावर माझा अजूनही पूर्ण भरवसा आहे, फक्त एक विनंती आहे, आणि ती तुम्हा सगळ्यांना. खुर्ची सोडताना मला चालू सोडून जाऊ नका. तुमच्यामागं जो बसेल, तो काम तर करेलच. त्याला त्याच्या नावानं करू द्या.